नोंदणीकृत मेमरीची मुक्तता : ‘व्हर्ब्ज’ कार्यपद्धतीची एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील महासंगणनाचा इतिहास सांगताना सामान्यतः यंत्रांची नावे आणि त्यांच्या वेगाचे आकडे यांचाच उल्लेख होतो. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध केला. २००३ मध्ये ‘परम पद्म’ देशाला अर्पण झाला. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये टाटा समूहातील कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा पुण्यातील ‘एका’ हा संगणक जगातील पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर आला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ त्याच यादीत त्रेसष्टावा होता. या यंत्रांमधील शेकडो संगणक एकमेकांशी बोलतात ते कोणत्या शिस्तीने, हा प्रश्न मात्र यंत्राच्या पोटात राहून जातो. ‘परम पद्म’मधील ‘परमनेट-२’ हे जाळे सी-डॅकने स्वतः घडविले. कॉम्पॅक, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या व्हर्च्युअल इंटरफेस आर्किटेक्चरला अनुसरणारी संदेशवहनाची प्रणाली त्यासाठी लिहिली गेली. ‘एका’ आणि ‘सिद्धी’ यांनी इन्फिनिबँड स्वीकारले. नावे वेगळी असली तरी दोहोंच्या मुळाशी कल्पना एकच आहे : एका संगणकाच्या मेमरीतील मजकूर दुसऱ्या संगणकाच्या मेमरीत थेट जावा, मध्ये प्रोसेसर नको आणि ऑपरेटिंग सिस्टिमही नको. यालाच रिमोट डायरेक्ट मेमरी अॅक्सेस, संक्षेपाने आरडीएमए, म्हणतात.

या पद्धतीची स्तुती पुष्कळ झाली आहे आणि ती रास्त आहे. छोटा संदेश एक-दोन मायक्रोसेकंदांत पोहोचतो, ही साधी गोष्ट नव्हे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तिची एक उणी बाजू आहे. मेमरी वापरण्यापूर्वी तिची नोंदणी कशी करावी हे सर्व पुस्तिका सांगतात. काम संपल्यावर ती सुरक्षितपणे मोकळी कशी करावी याबद्दल त्या जवळपास मौन पाळतात. हे मौन केवळ लेखनातील त्रुटी नसून खुद्द कार्यपद्धतीच्या रचनेतील त्रुटी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चिकित्सेसाठी लिनक्सवरील ‘लिबआयबीव्हर्ब्ज’ हे ग्रंथालय आणि त्यासोबत मिळणारा ‘आरसी-पिंगपाँग’ हा नमुना प्रोग्राम घेतला आहे. इन्फिनिबँडचा आधार लिनक्सच्या गाभ्यात २००५ मध्ये, २.६.११ या आवृत्तीत आला. तेव्हापासून या विषयात हात घालणाऱ्या बहुतेकांचा पहिला धडा हाच प्रोग्राम असतो.

नोंदणी कशासाठी?

ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रामला मेमरीचे काल्पनिक पत्ते देते आणि त्यामागची खरी पाने सोयीनुसार हलवते, डिस्कवर टाकते, परत आणते. नेटवर्क कार्डाला ही हालचाल चालत नाही. त्याला पक्का, न हलणारा पत्ता हवा. म्हणून प्रोग्राम आपल्या मेमरीचा एक पट्टा नोंदवतो. नोंदणीच्या वेळी त्या पट्ट्याची पाने जागच्या जागी खिळवली जातात, काल्पनिक व खऱ्या पत्त्यांचा तक्ता कार्डाला दिला जातो आणि प्रोग्रामला दोन किल्ल्या मिळतात. एक स्थानिक, आपल्या कार्डाला दाखवायची. दुसरी दूरस्थ, समोरच्या संगणकाला द्यायची. दूरस्थ किल्ली ज्याच्या हाती आहे तो आपल्या मेमरीत परस्पर लिहू शकतो, तेही आपल्या प्रोसेसरला जागे न करता.

पिंपळनेर परिसरातील वाचकाला ही व्यवस्था अपरिचित वाटू नये. पांझरेवरील फड बागायतीत शेतकरी आपल्या वाफ्याची बारी आपल्या मर्जीने उघडत नाही. पाणी कोणाच्या शेतात, किती वेळ जाईल हे पाटकरी पाहतो. शेतमालक त्या वेळी घरी झोपलेला असला तरी पाणी येते आणि वाफा भरतो. शेत त्याचे, पण त्यात पाणी सोडणारा हात दुसऱ्याचा. आता मालकाने पाटकऱ्याला न विचारता मध्यरात्री बांध मोडला, तर बांध मोडण्याचा त्याचा हक्क कोणी नाकारणार नाही, परंतु वरच्या अंगाने निघालेले पाणी थांबणार नाही. फडात यासाठी पंच असतात. आरडीएमएमध्ये ते नाहीत, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

मुक्ततेचे दोन प्रमाद

मेमरी मोकळी करण्यात दोन पायऱ्या आहेत. कार्डाकडील नोंदणी रद्द करणे ही पहिली. व्हर्ब्जमध्ये तिचे नाव ‘आयबीव्ही-डीरेग-एमआर’. ती मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमला किंवा मेमरी वाटणाऱ्या ग्रंथालयाला परत देणे, म्हणजे ‘फ्री’, ही दुसरी. चुकाही दोन प्रकारच्या संभवतात, आणि त्यांचे परिणाम सारखे नाहीत. हा भेद पुस्तिकांत स्पष्ट केलेला आढळत नाही, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

पहिला प्रमाद म्हणजे नोंदणी वेळेआधी रद्द करणे. काही हस्तांतरे रांगेत उभी असतानाच किल्ली रद्द झाली, तर कार्ड त्या हस्तांतराकडे वळते तेव्हा त्याला किल्ली सापडत नाही. आपल्याच बाजूची किल्ली असेल तर स्थानिक संरक्षणाची त्रुटी येते, दूरस्थ असेल तर समोरच्याला प्रवेश नाकारल्याची त्रुटी मिळते. दोन्ही प्रसंगी रांगांची जोडी, ज्याला या क्षेत्रात क्यूपी म्हणतात, त्रुटीच्या अवस्थेत जाते आणि संबंध तुटतो. नुकसान होते, पण ते दिसते. प्रोग्राम आरडाओरडा करून मरतो.

दुसरा प्रमाद म्हणजे नोंदणी कायम ठेवून मेमरी परत देणे. येथे काहीच दिसत नाही. ‘फ्री’ केलेला पट्टा ग्रंथालयाच्या साठ्यात जातो आणि काही क्षणांत त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या कामासाठी वाटला जातो. पाने तीच, नोंदणी तीच, किल्ली चालू. समोरच्या संगणकाचे उशिरा आलेले लिखाण आता एखाद्या तक्त्यात, एखाद्या यादीच्या दुव्यात किंवा कोणाच्या तरी गणनेतील मधल्या आकड्यावर जाऊन बसते. कार्ड आपले काम बिनचूक करते; त्रुटीची नोंद कुठेच होत नाही. मोठा पट्टा असेल आणि तो ‘एम-अनमॅप’ने थेट ऑपरेटिंग सिस्टिमला परत गेला, तर चित्र आणखी विलक्षण होते. खिळवलेली पाने गाभा सोडत नाही, कारण कार्डाच्या वतीने त्यांच्यावर ताबा असतो; प्रोग्रामला मात्र पुढे त्याच पत्त्यावर नवी पाने मिळू शकतात. कार्ड जुन्या पानांत लिहीत राहते, प्रोग्राम नव्या पानांत वाचत राहतो. पत्ता एकच आणि घरे दोन. अशा प्रोग्रामला मिळणारा मजकूर शिळा असतो, आणि शिळा मजकूर चुकीच्या मजकुरापेक्षाही ओळखायला कठीण, कारण तो एकेकाळी बरोबर होता.

या दोहोंत कोणता प्रमाद अधिक गंभीर, यावर मतभेद होऊ नये. हवामान, रेणूंची रचना किंवा खगोलीय संकेत यांच्या गणनेत एक आकडा निमूटपणे बदलला तर यंत्र थांबत नाही, निष्कर्ष छापला जातो. महासंगणकावर वेळ मागणारा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक व्हर्ब्जची एकही ओळ लिहीत नाही; तो एमपीआयचे संदेश पाठवतो आणि खालच्या थरावर विश्वास ठेवतो. त्या विश्वासाला खालच्या थराने काय तारण ठेवले आहे, हा खरा प्रश्न आहे.

शून्य या उत्तराचा अर्थ

‘आयबीव्ही-डीरेग-एमआर’ ही आज्ञा यशस्वी झाल्यास शून्य परत देते. पुस्तिकेनुसार तिला अपयश येण्याचे एक कारण नमूद आहे : त्या नोंदणीवर एखादी मेमरी विंडो अद्याप बांधलेली असणे. रांगेत उभ्या असलेल्या विनंत्यांबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे शून्याचा अर्थ ‘आता ही मेमरी कोणालाही नको आहे’ असा नसून केवळ ‘कार्ड ही किल्ली विसरले’ एवढाच आहे. वाचणारा मात्र पहिलाच अर्थ घेतो. हा दोष वाचणाऱ्याचा मानावा का? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही.

विशेष म्हणजे हीच कार्यपद्धती अन्यत्र हिशेब ठेवते. ज्या संरक्षण-क्षेत्रात नोंदण्या आणि रांगा असतात ते क्षेत्र मोडू गेल्यास, आत काही शिल्लक असेल तर ‘व्यग्र आहे’ असे उत्तर मिळते आणि काम अडते. अर्थात क्षेत्र मोडताना आत कोण आहे हे पाहायचे, मेमरी सोडताना मात्र तिच्यावर कोणाचे काम चालू आहे हे पाहायचे नाही, अशी विसंगती या रचनेत आहे.

या विसंगतीचे समर्थनही आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे. क्षेत्र किंवा नोंदणी ही क्वचित होणारी कामे गाभ्यामार्फत होतात, तिथे मोजणीला खर्च नाही. विनंती रांगेत टाकणे हे काम मात्र सेकंदाला लाखो वेळा होते आणि ते गाभ्याला वगळून, प्रोग्राम व कार्ड यांच्यात थेट होते. वेगाचे रहस्यच ते. प्रत्येक विनंतीमागे नोंदणीचा गणक वाढवायचा व कमी करायचा म्हटले तर नेमक्या त्याच वाटेवर ओझे पडते. १९९५ च्या ‘यू-नेट’पासून या विचारधारेने गाभ्याला दूर ठेवण्याची किंमत जाणूनबुजून मोजली आहे. समर्थन येथवर मान्य करता येते. परंतु वेगासाठी मोजणी टाळली हे एक, आणि मोजणी टाळली आहे हे न सांगणे हे दुसरे. शिकाऊ माणसासाठी व चाचणीसाठी मोजणी चालू असलेली वेगळी अवस्था देता आली असती. तशी सोय मूळ ग्रंथालयात नाही.

पिंगपाँगचे वाचन

आता नमुना प्रोग्रामकडे वळू. ‘आरसी-पिंगपाँग’मध्ये दोन संगणक एकमेकांकडे एकच संदेश पुन्हा पुन्हा टोलवतात. शेवटी आवराआवर करणारे एक छोटे कार्य आहे. त्यात आधी रांगांची जोडी नष्ट होते, मग पूर्ततांची रांग, मग नोंदणी रद्द होते, मग संरक्षण-क्षेत्र, मग उपकरण बंद होते, आणि अखेरीस मेमरी ‘फ्री’ होते. हा क्रम निर्दोष आहे. मध्येच काही बिघडले तर जेवढे उभारले तेवढेच उलट्या क्रमाने मोडण्याची व्यवस्थाही नेटकी आहे. अनेकांनी हाच क्रम पाठ केला आहे आणि तो पाठ करण्यासारखा आहे.

परंतु हा प्रोग्राम सुरक्षित आहे तो या क्रमामुळे नव्हे. त्याची सुरक्षितता त्याआधीच्या फेऱ्यांत आहे. पाठवलेले संदेश आणि आलेले संदेश हे दोन्ही गणक ठरलेल्या संख्येला पोहोचल्याशिवाय फेरी संपत नाही, आणि पाठवलेल्या संदेशांचा गणक वाढतो तो पूर्ततेची नोंद हाती आल्यावरच. ठरलेली संख्या कोणी ठरवली? प्रोग्राम चालू करणाऱ्याने, दोन्ही बाजूंना आज्ञेच्या ओळीत सारखीच संख्या देऊन. काहीच न दिल्यास दोन्हीकडे १००० धरली जाते. दोन संगणकांमधील करार असा प्रोग्रामच्या बाहेर, चालवणाऱ्याच्या हातात आहे. एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला २००० दिले की करार मोडतो आणि आवराआवरीचा तो सुबक क्रम काहीही वाचवू शकत नाही.

विद्यार्थी या प्रोग्राममधून शिकतो तो क्रम. करार त्याच्या नजरेसच पडत नाही. पुढे तो खरा प्रोग्राम लिहितो. त्यात संदेशांची संख्या आधी ठाऊक नसते, समोरचा संगणक मध्येच बंद पडू शकतो, दहा-वीस संबंध एकाच मेमरीवर चाललेले असतात. क्रम मात्र तोच उतरवलेला असतो. वर्गात हा प्रोग्राम शिकवताना शेवटच्या कार्याऐवजी मधल्या फेरीवर बोट ठेवावे, असे सुचवावेसे वाटते.

पूर्तता म्हणजे नेमके काय?

पुस्तिका एवढे निःसंदिग्धपणे सांगते की विनंतीत दिलेली मेमरी, त्या विनंतीच्या पूर्ततेची नोंद हाती आल्यावरच पुन्हा वापरावी. संदेशाचा मजकूर विनंतीतच कोंबून पाठवला असेल, तर तेवढा अपवाद. नियम सोपा आहे. तो पाळणे तितके सोपे नाही, याची दोन उदाहरणे पाहू.

प्रत्येक विनंतीची पूर्तता कळवणे खर्चिक असते, म्हणून अनुभवी प्रोग्रामर दर चौसष्टाव्या विनंतीचीच पूर्तता मागतात. एकाच पाठवणीच्या रांगेतील विनंत्या क्रमाने पूर्ण होतात, त्यामुळे चौसष्टावीची नोंद आली की आधीच्या त्रेसष्ट आपोआप पूर्ण समजाव्यात. युक्ती उत्तम आहे. आता समजा, काम संपताना शेवटच्या दहा विनंत्या चौसष्टाच्या हिशेबात बसल्या नाहीत. त्यांची नोंद कधीच येणार नाही. रांग रिकामी दिसते, वाट पाहण्यासारखे काही उरत नाही, प्रोग्राम मेमरी सोडून देतो. आणि कार्ड त्या दहा पट्ट्यांतून अजून वाचत असते. रिकामी पूर्तता-रांग म्हणजे काम संपल्याचा पुरावा, या समजुतीतून हा दोष उद्भवतो.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. आपण विनंती पाठवली, समोरच्याने ती वाचली आणि उत्तरही धाडले. उत्तर आपल्या हाती आले. आता आपल्या मूळ संदेशाचा पट्टा मोकळा करायला हरकत काय? पत्राला उत्तर आले याचा अर्थ पत्र पोहोचले, हे तर उघड आहे. परंतु कार्डांच्या आपसातील व्यवहारात उत्तर वेगळे आणि पोच वेगळी. पोच वाटेत हरवली असेल तर आपले कार्ड तोच संदेश पुन्हा पाठवील, आणि त्यासाठी तोच पट्टा पुन्हा वाचील. समोरचे कार्ड क्रमांकावरून तो दुबार असल्याचे ओळखून टाकून देईल, ही गोष्ट खरी. तरीही पट्ट्याची नोंदणी दरम्यान रद्द झालेली असेल तर पुनर्प्रेषणाच्या वेळी आपल्याच बाजूला त्रुटी येऊन संबंध तुटेल, आणि ज्याला सर्व काही सुरळीत पार पडले असे वाटत होते त्याला त्याचे कारण उमगणार नाही. मानवी व्यवहारात उत्तर हीच पोच असते. येथे ती सवय सोडावी लागते.

किल्ली दिलेला पाहुणा

आतापर्यंतचे विवेचन आपण स्वतः टाकलेल्या विनंत्यांचे होते. त्यांचा हिशेब निदान आपल्या हाती असतो. आपली दूरस्थ किल्ली समोरच्याकडे असेल तर तोही नसतो. तो आपल्या मेमरीत लिहितो किंवा तिच्यातून वाचतो तेव्हा पूर्ततेची नोंद त्याच्याकडे उमटते, आपल्याकडे नाही. आपल्या बाजूने कितीही काळजी घेतली तरी त्याचे काम संपले की नाही हे आपल्याला कळण्याचा मार्ग या कार्यपद्धतीत नाही. त्याने सांगितले तरच कळते. वाचनाच्या बाबतीत तर आपले कार्ड उत्तर पाठवून मोकळे झाले तरी ते उत्तर हरवल्यास समोरचा तीच मागणी पुन्हा करू शकतो आणि पाने पुन्हा वाचावी लागतात.

मेमरी विंडो हा यावरचा उपाय म्हणून सांगितला जातो. नोंदणी तशीच ठेवून तिच्यावर एक तात्पुरती खिडकी उघडायची, खिडकीची किल्ली द्यायची आणि काम झाल्यावर खिडकी तेवढी बंद करायची. समोरचा आपल्या शेवटच्या संदेशासोबतच ‘ही किल्ली आता रद्द समजा’ असे कार्डाला कळवू शकतो. समोरच्याने काम संपल्याचे सांगणे आणि किल्ली रद्द होणे या दोन गोष्टी येथे एकाच कृतीत येतात, म्हणून व्हर्ब्जमधील ही सर्वांत विचारपूर्वक केलेली सोय आहे असे म्हणावे लागेल. तिचा वापर सामान्य प्रोग्राममध्ये फारसा आढळत नाही, हे खेदजनक आहे.

किल्ल्यांचा आणखी एक धोका आहे. किल्ली बत्तीस बिटांची असते आणि सुटलेले क्रमांक पुन्हा वाटले जाऊ शकतात. जुन्या नोंदणीची किल्ली जपून ठेवलेला समोरचा प्रोग्राम, तोच क्रमांक नव्या नोंदणीला मिळाल्यास, भलत्याच मेमरीत शिरू शकतो. किल्ल्यांचा अंदाज बांधता येतो आणि त्यामुळे परक्या मेमरीत प्रवेश शक्य होतो, हे ‘रेडमार्क’ या २०२१ मधील अभ्यासाने दाखवून दिले आहे. मुक्ततेचा प्रश्न अशा रीतीने केवळ शिस्तीचा न राहता सुरक्षेचाही होतो.

विसरण्यातील दिरंगाई

नोंदणी महाग असते. एक गिगाबाइटचा पट्टा म्हणजे चार किलोबाइटची २,६२,१४४ पाने. ती खिळवून त्यांचा तक्ता कार्डाला द्यायचा. म्हणून तेझुका आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये नोंदण्यांचा साठा ठेवण्याची कल्पना मांडली : काम झाले तरी नोंदणी लगेच रद्द करू नये, तोच पट्टा पुन्हा लागेल. एमपीआयच्या अनेक अंमलबजावण्यांनी ती उचलली. परिणामी वरच्या प्रोग्रामने मेमरी परत दिली तरी खालच्या थराकडे तिची नोंदणी जिवंत राहते. वर वर्णिलेला दुसरा प्रमाद येथे चूक म्हणून नव्हे, धोरण म्हणूनच उभा राहतो. त्यापासून बचाव करण्यासाठी ही ग्रंथालये प्रोग्रामच्या प्रत्येक ‘एम-अनमॅप’वर पाळत ठेवू लागली. दुसऱ्याच्या दारातून जाणाऱ्या-येणाऱ्यांची नोंद आपण ठेवावी, तशातला हा प्रकार. एखादी वाट पाळतीतून सुटली की साठ्यातील नोंदणी शिळी झालीच. २०१५ मध्ये लिनक्सच्या ३.१९ या आवृत्तीत आलेली ऑन-डिमांड पेजिंगची सोय या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटते. तिच्यात पाने खिळवलीच जात नाहीत. पत्ता बदलला की गाभाच कार्डाला कळवतो. वेगात काही वेळा तोटा सोसावा लागतो आणि प्रत्येक कार्डाला ते जमतही नाही.

भाषेकडून अपेक्षा

सी भाषेऐवजी रस्टसारखी भाषा वापरली की हे प्रश्न मिटतील, असे आग्रहाने सांगितले जाते. रस्टमध्ये मेमरीचा मालक कोण आणि ती उसनी कोणी घेतली आहे याचा हिशेब कंपायलर ठेवतो. हस्तांतर चालू असेतो पट्टा उसना दिलेला आहे असे लिहायचे आणि हस्तांतराचा पहारेकरी नष्ट होताना पूर्ततेची वाट पाहायची, ही त्यावरची स्वाभाविक रचना. ती सदोष आहे. पहारेकरी नष्ट होईलच याची हमी रस्ट देत नाही. ‘मेम-फर्गेट’ या पूर्णतः वैध आज्ञेने त्याला विसरता येते. उसनवारी संपते, कंपायलर पट्टा मोकळा समजतो आणि कार्ड लिहीतच असते. २०१५ मध्ये रस्टची पहिली स्थिर आवृत्ती निघण्याच्या सुमारास धाग्यांच्या बाबतीत हाच दोष उघड झाला आणि त्या भाषेने ती सोय मागे घेतली, हे येथे स्मरणीय आहे.

योग्य रचना वेगळी आहे. विनंती टाकताना पट्टा उसना देऊ नये, त्याची मालकीच विनंतीच्या स्वाधीन करावी आणि पूर्ततेच्या नोंदीसोबत ती परत मिळावी. मध्ये कोणी विनंती विसरला तर पट्टा कायमचा अडकून पडेल, मेमरी वाया जाईल. पण परक्याच्या हाती जाणार नाही. मेमरीची गळती आणि मजकुराचा बिघाड यांत निवड करायची झाल्यास गळती पत्करावी, एवढे तारतम्य या रचनेत आहे. तथापि तीही आपल्याच संगणकापुरती. किल्ली घेऊन बसलेल्या पलीकडच्या संगणकाला आपला कंपायलर बांधून ठेवू शकत नाही.

वाट किती पाहावी?

पूर्ततेची वाट पाहावी हे मान्य केले, तरी समोरचा संगणकच बंद पडला तर? पाठवणाऱ्याच्या बाजूने काही मर्यादा आहेत. पिंगपाँगमध्ये कालमर्यादेचे मूल्य १४ आहे, ४.०९६ मायक्रोसेकंदांना दोनच्या चौदाव्या घाताने गुणले की सुमारे ६७ मिलिसेकंद येतात, आणि असे ७ पुनःप्रयत्न होतात. त्यानंतर कार्ड हार मानते व तशी नोंद देते. परंतु ‘समोरचा तयार नाही’ अशा उत्तरासाठीही तिथे पुनःप्रयत्नांची संख्या ७ दिली आहे, आणि या जागी सातचा अर्थ अनंत होतो. एकाच प्रोग्राममध्ये, लगतच्या ओळींत, एका साताचा अर्थ सात आणि दुसऱ्याचा अनंत. शिवाय, आलेला संदेश घेण्यासाठी मांडून ठेवलेल्या पट्ट्यांना तर कालमर्यादाच नाही. समोरचा गुपचूप गेला तर ते पट्टे तसेच मांडलेले राहतात.

यासाठी आपणच संबंध त्रुटीच्या अवस्थेत ढकलावा लागतो. मग कार्ड राहिलेल्या सर्व विनंत्या ‘झाडून काढल्या’ अशी नोंद देऊन परत करते, पूर्तता न मागितलेल्यांचीही. त्या सर्व नोंदी मोजून घेतल्या की आपल्या बाजूचा हिशेब खऱ्या अर्थाने पूर्ण होतो आणि नोंदणी रद्द करायला, मग मेमरी परत द्यायला हरकत उरत नाही. लिनक्सच्या गाभ्यात यासाठी २०१६ पासून ‘आयबी-ड्रेन-क्यूपी’ हे तयार कार्य आहे : ते संबंध त्रुटीत नेते, दोन्ही रांगांच्या शेपटीला एकेक खुणेची विनंती लावते आणि त्या खुणा परत येईतो थांबते. गाभ्यातील लेखकांना ज्याची गरज भासली ते गाभ्याबाहेरील प्रोग्रामरला मात्र लिबआयबीव्हर्ब्जमध्ये मिळत नाही, प्रत्येकाने ते आपल्यापुरते लिहावे लागते आणि बहुतेक जण लिहीत नाहीत. राष्ट्रीय महासंगणन अभियानात सी-डॅक ‘त्रिनेत्र’ हे देशी जाळे घडवीत आहे. त्याच्या वापरकर्त्यांच्या ग्रंथालयात असे कार्य पहिल्या दिवसापासून असावे, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

दोन्ही बाजूंनी आधी निरोप घ्यावा, एकाने ‘माझे संपले’ म्हणावे, दुसऱ्याने ‘माझेही’, आणि मगच मेमरी सोडावी, ही पद्धत सर्वांत सभ्य आहे. तिच्यातही एक गाठ शिल्लक राहते. ‘माझेही’ हा शेवटचा संदेश स्वतः एका नोंदणीकृत पट्ट्यात बसलेला असतो. त्याची पोच आली नाही तर तो पाठवणाऱ्याने किती वेळ धरून ठेवावा, हे निरोपाच्या कोणत्याही संदेशाने ठरत नाही. त्या एका पट्ट्यासाठी कालमर्यादा लावावी लागते, ती उलटली की संबंध त्रुटीत ढकलावा लागतो आणि झाडून काढलेली शेवटची नोंद येईपर्यंत थांबावे लागते.